सोंग, ढोंग आणि जातिवंतपणा

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘जातिवंत’ या विशेषणाइतके निर्धास्तपणे वापरले गेलेले दुसरे विशेषण क्वचितच सापडेल. कवी जातिवंत असतो, कथा जातिवंत असते, प्रतिभा जातिवंत असते आणि विनोदाची चर्चा निघाली की जातिवंत विनोद व थिल्लर विनोद अशी वाटणी प्रस्तावनेतच उरकून घेतली जाते. हा शब्द घोड्यांच्या, बैलांच्या आणि कुत्र्यांच्या बाजारातून आलेला आहे. त्याच्या मागे वंशावळ, संकराची धास्ती आणि खरेदीदाराची नजर उभी आहे, याचे भान तो वापरणाऱ्याला सहसा नसते. ज्या समाजात ‘जात’ हा शब्द पशूंच्या वाणाइतकाच माणसांच्या उतरंडीसाठी वापरला जातो, त्या समाजाच्या समीक्षेने आपला सर्वोच्च गौरव याच धातूतून घडवावा, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही.

क्रिस्टोफर गेस्ट यांचा ‘बेस्ट इन शो’ (२०००) हा अमेरिकी चित्रपट जातिवंतपणाच्या परीक्षेलाच आपला विषय करतो. फिलाडेल्फिया येथे भरणारे ‘मेफ्लॉवर केनेल क्लब’चे काल्पनिक श्वानप्रदर्शन, त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून निघालेले पाच स्पर्धक-संसार, प्रवास, हॉटेल, रिंगण, निकाल आणि सहा महिन्यांनंतरचा उपसंहार एवढीच त्याची कथा. संपूर्ण चित्रपट अनुबोधपटाच्या वेषात वावरतो. पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून मुलाखती देतात आणि आपण काय सांगून बसलो याचा त्यांना पत्ता नसतो. पटकथा गेस्ट व यूजीन लेव्ही यांच्या नावे आहे. परंतु संवाद लिहिलेले नाहीत, ते नटांनी चित्रीकरणाच्या वेळी उत्स्फूर्तपणे रचलेले आहेत.

अशा कृतीविषयी गंभीर अभ्यासाच्या वर्तुळात तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की हा सारा छद्माचा प्रकार असून सत्य व असत्य यांतील भेद मिटवून टाकणाऱ्या काळाचे ते एक लक्षण आहे. दुसरा असा, की येथे संहिताच नसल्यामुळे साहित्यसमीक्षेला येथे कामच नाही. गमतीजमतीची ध्वनिमुद्रणे म्हणजे वाङ्मय नव्हे. तिसरा नैतिक स्वरूपाचा आहे: सामान्य माणसांच्या साध्या आवडीनिवडींना शहाण्यांनी हसावे यासाठी रचलेला हा तुच्छतेचा खेळ आहे. तिन्ही आक्षेप वेगवेगळ्या गोटांतून येतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही तिघांचे मूळ एकच आहे. प्रत्येकाच्या हाती आधीच तयार असलेले एक लक्षणपत्र आहे, आणि समोरची कृती त्यात बसत नाही हाच तिचा अपराध ठरला आहे.

२

प्रथम छद्माचा आक्षेप. या चित्रप्रकारासाठी मराठीत ‘छद्म-अनुबोधपट’ असे नाव सुचविण्याचा मोह होतो आणि तेथेच वाट चुकते. छद्म म्हणजे कपट; ज्याला फसवायचे त्याच्यापासून ते लपवावे लागते. मराठीजवळ याहून नेमकी जोडी आहे: सोंग आणि ढोंग. बहुरूपी दारात पोलिसाचा वेष घेऊन उभा राहतो, दरडावतो, वॉरंट काढतो. घरातल्या लहान मुलाखेरीज कोणी फसत नाही आणि शेवटी तो पसा भरून धान्य मागतो. हे सोंग. त्याच वेषात कोणी खरोखर दंड वसूल करू लागला, तर ते ढोंग. दोहोंतील वेष एकच असतो. पाहणाऱ्याशी झालेला करार वेगळा असतो.

१ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटीचे पीक उतरविले जात असल्याचे वृत्त दाखविण्यात आले आणि ते खरे मानणारे प्रेक्षक निघाले. ती थट्टा निरुपद्रवी होती. तरी तिची रचना ढोंगाची होती, कारण प्रेक्षकाने प्रथम फसणे तिच्या यशासाठी आवश्यक होते. ‘बेस्ट इन शो’ची रचना याच्या नेमकी उलट आहे. जेनिफर कूलिज, मायकेल मकीन, कॅथरीन ओ’हारा यांचे चेहरे प्रेक्षकाला परिचित आहेत, श्रेयनामावली आहे, विनोदी चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झालेली आहे. फसणे येथे संभवतच नाही. खुद्द गेस्ट यांना ‘मॉक्युमेंटरी’ हे नामाभिधान रुचत नाही, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. आणि त्यांची नाराजी रास्त आहे. अनुबोधपटाची येथे थट्टा होत नाही. त्याचे केवळ सोंग घेतले जाते, ते त्याच्या एका विशिष्ट शक्तीच्या लोभाने. ती शक्ती म्हणजे माणसाला अनावधानाने बोलते करण्याची.

१९८४ मध्ये रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘धिस इज स्पायनल टॅप’मध्ये, ज्यात गेस्ट हे नट व सहलेखक होते, अनुबोधपट करणारा दिग्दर्शक स्वतः पात्र म्हणून पडद्यावर वावरतो. ‘बेस्ट इन शो’मध्ये तो प्रश्नकर्ता नाहीसा झाला आहे. उत्तरे आहेत, प्रश्न नाहीत. त्यामुळे पात्रे जणू आपणहून, कोणी न विचारता, आपले समर्थन करीत सुटतात. वकील नसलेल्या आरोपीसारखी ती बोलत राहतात, आणि आरोप काय आहे हे मात्र कोणीच सांगितलेले नसते. विनोद या पोकळीतून निर्माण होतो. निवेदकाचा आवाज असता, तर ही पोकळी त्याने भरून काढली असती आणि उरला असता तो केवळ उपरोध.

बोद्रियार यांच्या ‘सिम्युलाक्र ए सिम्युलासिओं’ (१९८१) या ग्रंथाचा आधार घेऊन अशा चित्रपटांना ‘वास्तवाच्या अंता’ची साक्ष म्हणून उभे करण्याची एक रीत पडली आहे. प्रतिकृती आणि मूळ यांतील भेद संपला, असे एकदा म्हटले की कोणत्याही कृतीविषयी तेच वाक्य लिहिता येते. ही त्या सिद्धान्ताची सोय आहे आणि तीच त्याची दरिद्रताही. येथे तर तो सिद्धान्त सरळ खोटा ठरतो. प्रेक्षक हसतो याचा अर्थच असा, की मुलाखतीचा प्रामाणिक स्वर आणि बोलल्या गेलेल्या गोष्टीचा विक्षिप्तपणा यांतील अंतर त्याला दिसले आहे. भेद मिटला असता तर हसू आले नसते; फार तर संभ्रम उरला असता. सोंग कळणे ही वास्तवाची जाणीव शाबूत असल्याची खूण आहे.

३

दुसरा आक्षेप संहितेचा. तो अधिक गंभीर आहे, कारण त्यात साहित्य म्हणजे काय याची एक अबोल व्याख्या दडलेली आहे: साहित्य म्हणजे प्रयोगापूर्वी, एका व्यक्तीने, कागदावर स्थिर केलेले शब्द.

वस्तुस्थिती प्रथम पाहावी. गेस्ट-लेव्ही पद्धतीत लिहिलेले काहीच नसते, हा समज चुकीचा आहे. प्रसंगांचा क्रम, पात्रांचे पूर्वायुष्य, परस्परसंबंध आणि प्रत्येक प्रसंगातून कोणती गोष्ट बाहेर आली पाहिजे याचा आराखडा लिहिलेला असतो. नट त्या चौकटीत बोलतात. पुढे प्रदर्शित लांबीच्या अनेक पट चित्रीकरणातून सुमारे नव्वद मिनिटांचा चित्रपट संकलनाच्या मेजावर घडविला जातो. हे काम रॉबर्ट लेटन यांनी केले. म्हणजे शब्द स्थिर होतात, मात्र प्रयोगानंतर. येथे संहिता प्रारंभी नसून शेवटी आहे, एवढाच काय तो फरक. अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने २००१ मध्ये मूळ पटकथेच्या पारितोषिकासाठी या चित्रपटाला नामांकन दिले. ज्यांची उपजीविकाच लिखित संवादावर चालते त्यांना ज्या कृतीत लेखन दिसले, त्या कृतीत लेखन नाही असा निर्वाळा साहित्याच्या प्राध्यापकांनी द्यावा, ही मोठी चमत्कारिक परिस्थिती आहे.

कृतीतील पुरावा याहून बळकट आहे. कुकी फ्लेक ही फ्लॉरिडातील मध्यमवयीन गृहिणी नवऱ्यासह फिलाडेल्फियाला निघते आणि वाटेत तिचे पूर्वीचे प्रियकर भेटत जातात. प्रत्येक भेटीत त्या माणसाचा उत्साह, कुकीचे ओशाळलेले पण सुखावलेले हसू आणि नवऱ्याचे, गेरीचे, कसनुसे सौजन्य हीच तीन द्रव्ये असतात. प्रत्येक वेळी त्यांचे प्रमाण बदलते. हा आवृत्तीचा आणि विस्ताराचा बंध आहे. मर्ढेकरांनी सांगितलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे तपासून पाहता येतात: एका भेटीचा दुसरीशी संवाद, कुकीच्या आणि गेरीच्या चेहऱ्यांचा विरोध आणि अखेरीस, जिच्यासाठी हे सगळे पुरुष व्याकूळ आहेत ती गेरीचीच बायको आहे, या जाणिवेने साधलेला समतोल. ओ’हारा आणि लेव्ही यांचे प्रत्यक्ष शब्द त्या क्षणी सुचलेले असतील. पण ते कोठे सुचावेत याची जागा आधी खोदून ठेवलेली होती.

उत्स्फूर्तता म्हणजे शिस्तीचा अभाव, या समजुतीला इतिहासाचाही आधार नाही. इटलीतील कोमेदिया देल्लार्तेचे नट केवळ प्रसंगांचा आराखडा हाती घेऊन रंगमंचावर जात. शिकागोत १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेकंड सिटी’ची पद्धत व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांतून आली आणि त्या खेळांचे नियम त्यांनी १९६३ च्या ग्रंथात काटेकोरपणे मांडून ठेवले. लेव्ही आणि ओ’हारा हे दोघेही याच संस्थेच्या टोरोंटो शाखेतून आले. म्हणजे ‘बेस्ट इन शो’मागे एक घराणे आहे, तालीम आहे आणि तंत्र आहे; नाही ती फक्त छापील प्रत.

मराठी अभ्यासकाला तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. तमाशातील वगात कथेचा सांगाडा व पदे ठरलेली असत आणि बोलणे बव्हंशी नटांवर सोपविलेले असे. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले. दादा कोंडके त्यात प्रयोगागणिक ताज्या घडामोडींची भर घालीत. छापलेले पुस्तक वाचून या लोकनाट्याचा अभ्यास पूर्ण झाला असे मानणारा विद्यार्थी अर्धीच कृती वाचतो. उरलेली अर्धी सोंगाड्याच्या जिभेवर होती. ती नष्ट झाली याची खंत समीक्षेला फारशी वाटलेली दिसत नाही, कारण जे नष्ट झाले ते तिच्या लेखी वाङ्मय नव्हतेच.

येथे विरुद्ध बाजूच्या उत्साहालाही आवर घालणे आवश्यक आहे. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हापासून कोणतीही सामूहिक कृती दिसली की ‘लेखकहीन संहिते’चा जयघोष सुरू होतो. फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात विचारलेला प्रश्न यापेक्षा उपयोगी होता: लेखक हे नाव कोणते कार्य करते आणि कोणाला बाहेर ठेवते? ‘लेखक मेला’ असे म्हटल्याने नटाचे श्रेय नटाला मिळत नाही. उलट तेही त्या सामुदायिक अंत्यविधीत जळून जाते. फ्रेड विलर्ड (यांचे २०२० मध्ये निधन झाले) यांनी साकारलेला समालोचक शब्दशः त्यांनी रचलेला आहे. पटकथेच्या श्रेयात मात्र त्यांचे नाव नाही. लेखन नाही असे म्हणणारा सनातनी आणि लेखक नाही असे म्हणणारा नवमतवादी, दोघेही या नटाला एकाच दाराने बाहेर काढतात. समीक्षेचे काम लेखकत्वाची वाटणी करण्याचे आहे: आराखडा कोणाचा, उच्चार कोणाचा, निवड कोणाची. हे काम कष्टाचे आहे आणि सिद्धान्ताच्या एका फटकाऱ्याने ते टळत नाही.

४

तिसरा आक्षेप तुच्छतेचा. तो सर्वांत आदरणीय आहे, कारण त्यामागे हसल्या जाणाऱ्या माणसाविषयी आस्था आहे. त्याचा विचार घाईने करू नये.

भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे भेद केले आणि विकृत वेष, विकृत आचार, धार्ष्ट्य, लौल्य हे त्याचे विभाव सांगितले. अॅरिस्टॉटलने हास्यास्पद दोष हा वेदना किंवा विनाश न घडविणारा असावा, अशी मर्यादा घातली. केळकरांपासून गो. मा. पवारांपर्यंत मराठीतही विनोदाच्या तत्त्वचर्चेची परंपरा आहे. या सगळ्या विचारात विसंगती कशाशी, हा प्रश्न निर्णायक ठरतो. पात्र जर सर्वमान्य शहाणपणाशी विसंगत म्हणून हसले जात असेल, तर तो विनोद शहाण्यांच्या बाजूचा असतो आणि तुच्छतेचा आरोप टिकतो. ते जर स्वतः मान्य केलेल्या मापाशीच विसंगत असेल, तर प्रकरण वेगळे होते.

‘बेस्ट इन शो’मधील पाच संसारांकडे या दृष्टीने पाहावे. हॅमिल्टन व मेग स्वॉन हे सुखवस्तू दाम्पत्य आपल्या वायमरानर जातीच्या बिअॅट्रिसला घेऊन मनोचिकित्सकाकडे गेले आहे, येथे चित्रपट उघडतो. कामसूत्रातील एक आसन करीत असताना कुत्रीने आपल्याला पाहिले आणि तेव्हापासून ती खिन्न आहे, अशी त्यांची तक्रार. त्यांची प्रथम भेट समोरासमोरच्या दोन कॉफीगृहांत, एकाच कंपनीच्या, झालेली. त्यांच्या गप्पा विक्रीच्या सूचिपत्रांभोवती फिरतात. प्रदर्शनाच्या ऐन वेळी कुत्रीचे मधमाशीचे खेळणे हरवते. दुकानदार मिळतीजुळती खेळणी पुढे करतो. मेगला त्यातले एकही चालत नाही. नेमके तेच हवे. येथे श्वानप्रदर्शनाचे तर्कशास्त्र घरात शिरलेले दिसते: मापात तंतोतंत बसेल तेच ग्राह्य. अखेर बिअॅट्रिस रिंगणात परीक्षकावर धावून जाते, बाद ठरते, आणि उपसंहारात या दाम्पत्याच्या मांडीवर दुसरे कुत्रे आहे. ते कुत्र्याची अदलाबदल करतात, मापाची करीत नाहीत.

फ्लेक दाम्पत्याकडे माप नाही आणि पैसाही नाही. हॉटेलात त्यांचे क्रेडिट कार्ड चालत नाही, अडगळीच्या खोलीत मुक्काम करावा लागतो. गेरीला जन्मतः दोन डावे पाय आहेत, अक्षरशः. इंग्रजीत बेढब नाचणाऱ्याविषयी जे लाक्षणिक अर्थाने बोलतात, ते येथे देहाचे वास्तव झाले आहे. चालीची परीक्षा जेथे सर्वांत कडक, त्या रिंगणात अंतिम फेरीच्या तोंडावर कुकीचा गुडघा दुखावतो आणि या माणसाला कुत्र्यासह चालावे लागते. त्यांचा नॉर्विच टेरिअर जातीचा विंकी जिंकतो. यात चमत्कार नाही: न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर केनेल क्लबच्या प्रदर्शनात, जे १८७७ पासून भरत आले आहे, १९९४ आणि १९९८ साली याच जातीचे कुत्रे सर्वश्रेष्ठ ठरले होते. निकाल वास्तवाला धरून आहे. परंतु दोरीच्या एका टोकाला निर्दोष प्राणी आणि दुसऱ्या टोकाला लक्षणपत्रात कधीच न बसणारा माणूस, हे दृश्य चित्रपटाचा निवाडा सांगून जाते. परीक्षक एकच टोक पाहतो. प्रेक्षक दोन्ही पाहतो.

तुच्छता असती तर या दृश्यात गेरीच्या चालण्यावर कॅमेरा रेंगाळला असता. तो तसे करीत नाही. आणि साऱ्या चित्रपटात कुत्र्यांना एकदाही हास्यास्पद केलेले नाही, ही बाब सामान्यतः नजरेतून सुटते. कुत्र्याला सोंग घेता येत नाही. स्पर्धा आहे हेही त्याला ठाऊक नाही. नटांनी उभारलेल्या या सोंगात तेवढाच एक घटक खऱ्याखुऱ्या अनुबोधपटातला आहे. त्याच्या स्वस्थतेवर माणसांची धडपड मोजली जाते.

तरीही आक्षेपात काही तथ्य उरते, ते मान्य केले पाहिजे. स्वॉन दाम्पत्याला चित्रपट एकही सवलत देत नाही. त्यांच्या वेदनेचा क्षण, जो निश्चितच आहे, तो हशासाठी खर्ची घातला जातो. नॉर्थ कॅरोलायनातील हार्लन पेपर, ज्याची भूमिका स्वतः गेस्ट यांनी केली आहे, आणि न्यूयॉर्कचे स्कॉट व स्टेफान हे समलिंगी जोडपे ही पात्रे प्रथमदर्शनी तरी ठोकळेबाज साच्यांच्या जवळ जातात. मात्र हे जोडपेच चित्रपटातील सर्वांत सुखी आणि परस्परांविषयी सर्वांत हळुवार आहे; आणि पूडलच्या मालकिणीचे व तिच्या सहकारिणीचे प्रेम जुळते, तेव्हा म्हाताऱ्या श्रीमंत नवऱ्याशी असलेल्या तिच्या विवाहातील पोकळी प्रेक्षकाने आधीच पाहिलेली असते. साच्यातून सुरुवात करून साच्याबाहेर जाणे ही सोंगाड्याची जुनी वाट आहे. ती वाट येथे सर्व पात्रांच्या बाबतीत शेवटपर्यंत चालली गेली नाही, एवढा दोष या चित्रपटाच्या पदरात टाकावा. तुच्छतेचा सरसकट आरोप मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

५

आता मूळ मुद्दा. श्वानप्रदर्शनात कुत्र्यांची एकमेकांशी तुलना होते, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक जातीचे एक लिखित मानक असते: उंची, रंग, कानांची ठेवण, दातांची बैठक, चाल. परीक्षक समोरच्या प्राण्याला त्या मानकाशी ताडून पाहतो. अंतिम फेरीत पूडल आणि ब्लडहाउंड शेजारी उभे असतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो, की आपापल्या मानकाच्या अधिक जवळ कोण. म्हणजे सर्वश्रेष्ठ ठरणारा कुत्रा हा स्वतःच्या वर्णनाशी सर्वाधिक जुळणारा कुत्रा असतो. ज्याचे वर्णन आधी लिहिले गेले नाही, त्याला रिंगणात प्रवेश नाही.

साहित्यप्रकारांची जी समीक्षा मराठीत रूढ आहे ती याहून फारशी निराळी नाही. लघुकथेची लक्षणे, कादंबरीची लक्षणे, नाटकाची लक्षणे. मग कृती उभी करायची आणि दात मोजायचे. १९६३ साली बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत दलित साहित्यावर ‘कलात्मकता उणी’ हा शेरा किती सहजपणे मारला गेला, हे स्मरावे. तो अनुभव आणि एक विनोदी चित्रपट यांची बरोबरी येथे मुळीच अभिप्रेत नाही. एका बाजूला माणसांच्या दुःखाचा उच्चार होता, दुसऱ्या बाजूला करमणूक आहे. साम्य आहे ते निवाडा करणाऱ्याच्या हातातील पट्टीत. ‘जातिवंत’ हा शब्द त्या पट्टीवर कोरलेला होता आणि पट्टी धरणाऱ्याला तो वाचता येत नव्हता.

यावर एक प्रतिप्रश्न येतो व तो योग्य आहे. मानके सोडून दिली तर उरेल काय? वाटेल त्याने वाटेल ते बोलावे? चित्रपटाने याचे उत्तर समालोचकांच्या जोडीतून दिले आहे. दूरचित्रवाणीवर प्रदर्शनाचे वर्णन करायला दोघे बसले आहेत. जिम पिडॉक यांनी साकारलेला ट्रेव्हर बेकविथ हा श्वानविद्येचा जाणकार. त्याला सारी मानके मुखोद्गत आहेत. विलर्ड यांचा बक लॉफलिन याला काहीच ठाऊक नाही आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. तो अखंड बोलतो, कुत्रे खाल्ले जाणारे देश आठवतो, सहकाऱ्याला भलभलते प्रश्न विचारतो. बक हा ट्रेव्हरला पर्याय म्हणून दाखविलेला नाही. मानकनिष्ठ जाणकार आणि बेफिकीर वाचाळ यांपैकी एकाची निवड करा, असे चित्रपट सांगत नाही. दोघांनाही रिंगणातला तो प्राणी दिसत नाही, हे तो दाखवितो. एकाला त्याचे वर्णन दिसते, दुसऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. समीक्षेच्या व्यासपीठांवर या दोन्ही गृहस्थांची उणीव नाही.

पर्याय तिसरा आहे आणि तो श्वानांच्या इतिहासातच सापडतो. जातींची मानके मुळात कामातून जन्मली. टेरिअर उंदीर-घुशी धरण्यासाठी पोसला गेला, म्हणून तो ठेंगणा, चपळ आणि धीट. ब्लडहाउंड माग काढण्यासाठी, म्हणून त्याचे नाक. पुढे काम मागे पडले, आकार उरला, आणि आकाराचीच परीक्षा सुरू झाली. साहित्यप्रकारांचे असेच झाले. प्रत्येक लक्षणाच्या मागे कधीकाळी एक काम होते: श्रोत्याला थांबवून धरण्याचे, राजाला तोंडावर सुनावण्याचे, न सांगता येणारी गोष्ट सोंगाच्या आडून सांगण्याचे. लक्षण जपले गेले आणि काम विसरले गेले. तेव्हा कृती कोणत्या जातीची, हा प्रश्न दुय्यम ठरवून ती कोणते काम करू पाहते, ते कोणत्या साधनांनी करते आणि कोठवर पार पाडते, हे प्रश्न अग्रभागी आणले पाहिजेत. असे केल्याने निकष सैल होत नाहीत, उलट अधिक कडक होतात. स्वॉन दाम्पत्याच्या बाबतीत हा चित्रपट अपुरा पडतो, हा वर दिलेला निर्णय कोणत्याही लक्षणपत्रातून आलेला नाही. साच्याबाहेर जाण्याचे जे काम चित्रपटाने स्वतः पत्करले, त्यातूनच तो आला आहे.

हा वाद एका परदेशी चित्रपटापुरता असता, तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. तमाशाचे फड आजही जत्रांतून उभे राहतात, त्यांत आजही बतावणी रंगते, आणि ज्यांच्या स्मरणात जुन्या सोंगाड्यांचे बोलणे शिल्लक आहे अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. प्रयोगागणिक बदलणारे हे बोलणे टिपून घेणे, त्याच्या पाठभेदांची नोंद करणे, त्यातील आराखडा कोणता व भर कोणाची हे वेगळे काढणे हे पोथीच्या संपादनाइतकेच शास्त्रीय काम आहे. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत मराठी विद्वानांनी जी चिकाटी दाखविली, तिचा काही अंश येथे वळला तरी पुष्कळ होईल. त्यासाठी आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल: कागदावर येण्यापूर्वी जे बोलले गेले, हशा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी बदलले, त्यालाही रचना होती आणि त्यालाही रचणारा होता. ती कबुली मिळेपर्यंत ‘जातिवंत विनोद’ या मथळ्याखाली होणारी चर्चासत्रे ही श्वानप्रदर्शनेच राहतील, आणि ज्यांना रिंगणात उभे केलेले नाही त्यांच्याविषयी ती काहीच सांगू शकणार नाहीत.